आठ आठवड्यांत होईल

मुलगा चिकाटीचा. बुद्धी बेताची. आठ आठवड्यांत होईल.

मास्तरांचं अक्षर ओळखायला मला चष्मा लागत नाही. तरी मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. अक्षर तेच होतं, वाक्यं तीच होती आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात नाव माझंच होतं. मास्तरांना जाऊन दोन महिने झाले. (ते प्राध्यापक होते, मास्तर आम्ही त्यांना त्यांच्यामागे म्हणायचो.) आज सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. "दादा, बाबांची खोली आवरतेय. गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, पण रद्दीत टाकायला हात होत नाही. एक खोकं तुमच्या कॉलेजच्या वॉचमनकडे ठेवून जाते, बघा काय ते." मी बरं म्हटलं. वर थोडा खूशही झालो, कारण शेकडो विद्यार्थ्यांतून तिला मी आठवलो होतो. दहा वाजता खोकं टेबलावर होतं. आत प्रत्येक उन्हाळ्याची वेगळी फाइल, फाइलीवर साल, आणि फाइलीत दहा कागद. मी माझं साल काढलं. माणूस समूह-फोटोत आधी स्वतःलाच शोधतो, त्यातलाच प्रकार. कागदावर माझा प्रश्न होता. प्रश्नाखाली उत्तर होतं. उत्तराखाली सिद्धता, अकरा ओळींची. त्याखाली तारीख चौदा जानेवारी. मी मास्तरांना पहिल्यांदा भेटलो तो त्या वर्षीचा मे महिना.

एकतीस वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत असे आठ आठवडे असायचे, आणि आजही असतात. निरनिराळ्या कॉलेजांतली पदवीची दहा मुलं निवडायची, त्यांना रिकाम्या वसतिगृहात ठेवायचं, प्रत्येकाच्या हातात एक प्रश्न द्यायचा. परीक्षेतला नव्हे, संशोधनातला. "ह्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे नाही," असं मास्तर पहिल्या दिवशी सांगत आणि खडू फळ्याच्या कडेला ठेवून हात झटकत. त्या हात झटकण्यानंच अर्धी मुलं गारद होत. मला मिळालेला प्रश्न दिव्यांचा होता. एकात एक अशी दिव्यांची दोन वर्तुळं, दोन्हींत दिवे सारखेच. प्रत्येक दिव्याला एक खटका. खटका दाबला की तो दिवा, वर्तुळातले त्याचे दोन शेजारी आणि दुसऱ्या वर्तुळातला समोरचा, असे चार दिवे उलटतात. लागलेला विझतो, विझलेला लागतो. आता सांगा, कोणकोणते खटके दाबले तरी शेवटी काहीच बदलत नाही, असे प्रकार किती? मी बाटल्यांची पत्र्याची झाकणं गोळा केली. आतली बाजू म्हणजे लागलेला दिवा, बाहेरची म्हणजे विझलेला. खोलीतल्या फरशीवर झाकणं मांडून पाच आठवडे मी गुडघ्यांवर बसलो होतो. त्या फरशीचा दुपारचा ऊबट स्पर्श आणि बोटांना येणारा गंजाचा वास अजून आठवतो. गुडघे अजून दुखतात, ते मात्र वयानं असेल.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी कंटाळून मी ओळीनं सगळेच खटके दाबत सुटलो. प्रत्येक झाकण चारदा उलटलं आणि होतं तसं झालं. सगळं दाबलं, काहीच बदललं नाही. आज हे वाक्य लिहिताना हसू येतं, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता. पुढचे दोन आठवडे मी माणसांत नव्हतो. विषम दिवे असले की असे प्रकार दोनच, काहीच न दाबणं हा एक आणि सगळे दाबणं हा दुसरा. सम असले पण चारानं भाग जात नसला तर चार. चारानं भाग गेला तर सोळा. तो सोळा मला एकदम दिसला, गच्चीवर कपडे वाळत घालताना, हातात ओला टॉवेल तसाच धरून. सातव्या आठवड्यात एकोणीस पानं घेऊन मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली. एका ठिकाणी परत मागे गेले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे मला सुचलं नव्हतं." चार शब्द. ह्या चार शब्दांवर मी एकतीस वर्षं काढली आहेत. लग्नात मुलीकडच्यांना हेच सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांची भाषणं झाली, प्रश्नोत्तरांची पुस्तिका वाटली गेली आणि माझ्याच खोलीतला लंबू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तू खरंच पाच आठवडे जमिनीवर बसला होतास?" मी म्हटलं, "मग?" तो नुसता हसला आणि बॅग भरायला गेला. पुढे तो कापडाच्या धंद्यात गेला आणि चांगला बसला. त्याचं ते हसणं मी मत्सराच्या खात्यात टाकून दिलं होतं. आपल्याला काही मिळालं की आजूबाजूचे सगळे आपल्याला पाण्यात पाहतात, असं वाटायला फारशी अक्कल लागत नाही. आज त्याचीही फाइल उघडून पाहिली. "हुशार. कंटाळेल. दोन आठवडे पुरेत." लंबूबद्दल एवढं. मी पुन्हा माझा कागद घेतला. बेताची. मास्तरांनी 'सामान्य' लिहिलं असतं तर इतकं लागलं नसतं. बेताची म्हणजे मापून पाहिलेली.

माझे वडील घड्याळजी होते. रस्त्याला तोंड असलेलं सहा फुटी दुकान. आत एक टेबल, टेबलाला कडेनं पट्टी, म्हणजे स्क्रू घरंगळून खाली पडू नये. वडील डोळ्याला भिंग लावून बसले की आम्हाला त्यांच्याशी बोलायची बंदी असे, कारण श्वास जोरात सोडला तरी एखादं चाक उडायचं. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी एक घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. "बंद पडलंय. मला काही सापडत नाही. बघ बरं तू." मी चार दिवस शाळेतून आलो की ते उघडून बसायचो. चौथ्या दिवशी एक स्क्रू अर्धा फिरवला आणि ते चालू लागलं. मी ओरडत घरभर फिरलो. आईनं शेजारणींना बोलावून दाखवलं. पुढे दोन वर्षांनी, का कोण जाणे, जेवताना वडील सहज बोलून गेले, "तो स्क्रू मीच ढिला केला होता. शिकवायचं म्हणजे असंच असतं." मी ताटावरून उठलो आणि दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आई त्यांना म्हणाली, "सांगायचं काय अडलं होतं?" वडील म्हणाले, "मोठा झाला असं वाटलं."

त्या उन्हाळ्यात वडिलांचा उजवा डोळा जाऊ लागला होता. मी पदवी झाली की दुकानात बसायचं, असं बोललं गेलं नव्हतं पण ठरलेलं होतं. टेबलाच्या ह्या बाजूला माझ्यासाठी दुसरं स्टूल येऊन पडलं होतं. आणि मी आठ आठवड्यांनी परत आलो तो दुकानात उभ्याउभ्याच सांगून मोकळा झालो की मी गणितात पुढे जाणार, मी नवीन काहीतरी शोधलंय. दोन वर्षांनी दुकान बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मी मात्र पुढे गेलो. म्हणजे किती? प्रबंधाला सात वर्षं लागली. दोन लेख छापून आले, त्यातल्या एकात चूक निघाली आणि ती दुरुस्त केली दुसऱ्यानंच. काय उजेड पाडला विचाराल तर दोन वर्तुळांतल्या दिव्यांचा, वयाच्या विसाव्या वर्षी, तोही आता कळतंय की मास्तरांच्याच विजेवर. मी वाईट शिकवत नाही, मुलं झोपत नाहीत. पण दर उन्हाळ्यात मला तो ओला टॉवेल आठवायचा, आणि वाटायचं, निदान एकदा तरी आपण अशा जागी उभे होतो जिथे आधी कुणीच उभं नव्हतं. बायको म्हणते, "तुम्ही त्या दिव्यांचं सांगायला लागलात ना, की वीस वर्षांचे दिसता." ती हे कौतुकानं म्हणते. आज संध्याकाळी तिला काय सांगू?

सगळ्यात लाजिरवाणं पुढेच आहे. मास्तर निवृत्त झाले तेव्हा हा कार्यक्रम त्यांनी माझ्याकडे सोपवला. त्या दिवशी किल्ल्या देताना ते म्हणाले होते, "एक लक्षात ठेव. उत्तर माहीत आहे असेच प्रश्न द्यावेत. मुलांचा उन्हाळा फुकट जाता कामा नये." एवढं बोलून ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. आणि मी, हा बेताच्या बुद्धीचा मुलगा, मनात म्हणालो, म्हातारा थकला. आमच्या वेळी खरे प्रश्न द्यायचा, आता घाबरतो. पंधरा वर्षं मी त्यांचा सल्ला इमानानं पाळला आहे. दर वर्षी दिवाणखान्यात बसून दहा प्रश्न सोडवतो, उत्तरं इथल्या टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये ठेवतो, मुलांसमोर हात झटकतो आणि सातव्या आठवड्यात डोळे विस्फारून म्हणतो, "हे मला सुचलं नव्हतं." हल्लीच्या मुलांना एवढं तरी हरभऱ्याच्या झाडावर चढवावंच लागतं, अशी मी समजूत करून घेतली होती. त्यांचे प्रश्न म्हणजे ढिला केलेला स्क्रू, माझा मात्र खरोखर बंद पडलेलं घड्याळ. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो एवढा दाट असतो हे मला माहीत नव्हतं.

बारा वाजता शिपाई विचारायला आला, "सर, जेवायला नाही?" मी नाही म्हटलं आणि काहीतरी करायचं म्हणून कागद उलटा केला. मागे पेन्सिलीनं एक ओळ होती. "वडिलांचं घड्याळाचं दुकान आहे. तिथे सुखी राहील." मला मास्तरांचा इतका राग आला की खोकं खिडकीतून खाली टाकावंसं वाटलं. माहीत होतं तर बोलला का नाहीत? कागदाला सांगता आलं, मला नाही? मग म्हणालात कशाला, "हे मला सुचलं नव्हतं"? दहाजणांना म्हणालात, नऊजण ऐकून घरी गेले. मी एकटाच दुकानात जाऊन स्टूल परत आत ठेवायला सांगून आलो. आणि रागाच्या मधोमध मला आठवलं की आज बुधवार, सातवा आठवडा, आणि चार वाजता चौकोनी येणार आहे.

मी मुलांना त्यांच्या अक्षरावरून नावं ठेवतो, अर्थात मनातल्या मनात. ही मुलगी प्रत्येक अक्षर चौकटीत बसवल्यासारखं लिहिते. ह्या वर्षीच्या दहांतली सगळ्यात शांत. तिला मी तीन वर्तुळांचा प्रश्न दिला होता, माझ्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. नोव्हेंबरात सोडवून ठेवलेला. एका विमा कंपनीनं तिला नोकरी देऊ केली आहे, शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, एवढं मला माहीत होतं. सोमवारी ती दारात उभी राहून म्हणाली होती, "सर, मी पुढे गणितच करावं का?" मी म्हणालो होतो, "आधी प्रश्न सुटू दे." बरोबर हेच मला मास्तर म्हणाले होते. मग मी दोन दिवस आनंदात होतो. पंधरा वर्षांत हे विचारणारी मुलं होती, पण हिच्या विचारण्यात मला माझा टॉवेल दिसला होता. आता चार वाजता ती उत्तर घेऊन येईल. मी चष्मा कपाळावर सरकवीन, चार शब्द म्हणेन, आणि शुक्रवारी ती नोकरीला नाही म्हणून कळवेल. मग एकतीस वर्षांनी माझी मुलगी तिला फोन करील, ताई, बाबांची खोली आवरतेय.

मी ठरवलं की सांगून टाकायचं. हे प्रामाणिकपणानं ठरवलं असं मी म्हणणार नाही. अर्धा वाटा सुडाचा होता. कुणावर सूड ते नीट कळत नव्हतं, मास्तर तर आटोपले होते. मी डाव्या ड्रॉवरमधून तिची पानं काढली, टेबलावर पालथी ठेवली आणि वाट पाहत बसलो. पंखा फिरत होता. समोरच्या फळ्यावर सकाळचं कुणाचं तरी अर्धं समीकरण राहिलं होतं.

ती चारला पाच मिनिटं कमी असताना आली. हातात सात पानं. "सर, सुटलं असं वाटतंय." आवाजात बरोबर हवा तेवढा कंप होता. मी पानं घेतली नाहीत. म्हटलं, "बस. आधी हे बघ." आणि माझी पानं उलटी करून तिच्याकडे सरकवली. "नोव्हेंबरातली आहेत. तू यायच्या सहा महिने आधीची. तुझा प्रश्न नवीन नाही. मी कुणालाच नवीन देत नाही. शुक्रवारी काय कळवायचं ते हे बघून ठरव." मला वाटलं ती रडेल. पाण्याचा ग्लास मी आधीच भरून ठेवला होता. तिनं पानं चाळली, दुसऱ्या पानावर थांबली, मान हलवली. "तुम्ही इकडून गेलात होय. हे लांबचं आहे थोडं." मग एकदम जीभ चावून म्हणाली, "सॉरी सर."

"तुला काही वाटलं नाही?"

ती पदराशी खेळावं तशी पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. "सर, रागावणार नाही ना? ते माहीत असतं सगळ्यांना."

"काय माहीत असतं?"

"डावा ड्रॉवर." तिनं वर पाहिलं नाही. "वसतिगृहात एक वही आहे. आधीच्या बॅचची मुलं पुढच्यांसाठी ठेवून जातात. त्यात लिहिलेलं असतं."

"उत्तरं?"

"छे छे, उत्तरं नाही! प्रश्न तर तुम्ही दर वर्षी नवे देता. बाकीचं असतं. म्हणजे... पाचव्या आठवड्यात अडल्याचं सांगायचं. सहाव्यात सर सूचना देतात, ती लिहून घ्यायची. सातव्यात सुटलं म्हणायचं, त्या दिवशी सर चहा पाजतात."

"आणि तुझं कधी सुटलं?"

"दुसऱ्या आठवड्यात." ती फार हळू बोलली. "मग मी नोकरीच्या मुलाखती दिल्या."

"विम्याची नोकरी?"

"हो. मागच्या आठवड्यात हो म्हणून कळवलं."

"अगं, मग सोमवारी मला विचारलंस ते?"

ती आता खरंच कानकोंडी झाली. "तेही वहीत आहे. पुढे गणितच करू का असं विचारायचं. सरांचं शिफारसपत्र चांगलं येतं त्यानं." आणि लगेच घाईघाईनं म्हणाली, "पण सर, नुसतं तेवढ्यासाठी नसतं ते. वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय, सरांचा आनंद मोडायचा नाही. तुम्हाला इतकं बरं वाटतं ना, आम्हाला सापडलं की. एका ताईनं लिहिलंय, सरांचा चेहरा बघायला तरी सातव्या आठवड्यापर्यंत थांबा."

मी हसलो. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. पंधरा वर्षं मी त्यांना झाडावर चढवत होतो आणि ती मुलं खाली उभी राहून शिडी धरत होती, कारण झाडावर मी होतो. "वही किती जुनी आहे?" मी विचारलं. ती म्हणाली, "ही चौथी आहे सर. पहिलीची पानं सुटलीत, दोऱ्यानं बांधून ठेवलीय. तिच्यात तुम्ही नाही, तुमच्याआधीचे कुणीतरी सर आहेत. ते हात झटकायचे म्हणे." लंबू त्या दिवशी का हसला ते मला तेव्हा कळलं. नऊजणांना वही माहीत होती. माझ्या खोलीतच असणार, लंबूच्या गादीखाली. आणि मी फरशीवर झाकणं मांडून बसलेला पाहून त्यानं ती मला दाखवली नव्हती. त्याला मत्सर नव्हता, दया आली होती. मला मत्सर जास्त परवडला असता.

मी तिला शिफारसपत्र लिहून दिलं. बुद्धी उत्तम, असं लिहिलं. ते खरंच होतं. ती दारापर्यंत गेली, थबकली. "चहा, सर?" मी म्हटलं, "आज नको." तिचं तोंड उतरलं, तिला वाटलं असणार की पुढच्या बॅचसाठी आता वहीत काय लिहायचं. ती गेल्यावर मी फाइल परत खोक्यात ठेवली. पेन्सिलीची ओळ पुन्हा वाचायची नाही असं ठरवलं आणि वाचली. तिथे सुखी राहील. मास्तरांना कळलं होतं, लंबूला कळलं होतं, त्या आठ मुलांना कळलं होतं. मी एकेक चेहरा आठवत होतो आणि त्या ओघात जिथे जायला नको होतं तिथे, दुकानात जाऊन पोहोचलो.

मी आठ आठवड्यांनी परत आलो ती दुपार होती. वडील कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. मी बॅग खांद्यावर तशीच ठेवून बोलत होतो, विषम, सम, चारानं भाग, सोळा. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि ते शेवटपर्यंत ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "नवीन म्हणजे, आधी कुणालाच माहीत नव्हतं?"

"कुणालाच."

"तुझ्या सरांनाही नाही?"

"नाही हो. तेच म्हणाले, मला सुचलं नव्हतं."

वडिलांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचं लाल कडं उमटलं होतं. ज्या माणसानं माझ्यासाठी एकदा स्क्रू ढिला केला होता, तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. एकदा खरं सांगून त्यानं माझा दोन दिवसांचा अबोला ओढवून घेतला होता, आणि ते तो विसरला नव्हता. मग त्यांनी पायानं ते दुसरं स्टूल टेबलाखाली सरकवलं.

"बरं," ते म्हणाले.